मातीने नाकारलेले कप

उत्तनमध्ये माझं नाव निघालं की लोक आधी माझ्या रागाबद्दल बोलतात आणि मग माझ्या वांग्यांबद्दल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी अल्फान्सो. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात फिटर होतो. रिटायर झाल्यावर घरामागची वाडी कसायला लागलो. वाडी म्हणजे विहिरीपासून क्रुसापर्यंतचा एक तुकडा, फार मोठं काही नाही. पण ती बापाने केली, त्याच्या बापाने केली, आणि तिथलं वांगं चुलीवर भाजलं की शेजारी काहीतरी निमित्त काढून येतात.

मुलगा मॅक्सवेल दोह्याला असतो. त्याला बाळ झालं तेव्हा मी थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलो आणि सुनेने हातापाया पडून ठेवून घेतलं. पुढचा पावसाळाही तिकडेच गेला. त्या काळात वाडी मी धाकट्या बहिणीवर सोपवली होती. ही मॉली. माझ्यापासून दोन घरं सोडून राहते, नवरा गेल्यापासून भाईंदरच्या बाजारात मासळी विकते, आणि गावातल्या बायकांच्या मंडळाची पुढारी आहे. तिने एखादी गोष्ट मनावर घेतली की फादरसुद्धा वाटेतून बाजूला होतात.

मी नसताना तिने क्रुसाच्या सणाचा कचरा मनावर घेतला. मे महिन्यात क्रुसापाशी सगळा गाव जेवतो. जेवण झालं की प्लास्टिकचे कप गाडीत भरून जायचे डोंगरावरच्या ढिगात, आणि उन्हात तो ढीग धुमसायला लागला की धूर आमच्याच घरात यायचा. मॉलीने ठरवलं, हे बंद. तिने मक्यापासून बनवलेले कप आणले. दिसायला काचेसारखे, पण मातीत मिसळून जाणारे. तसं खोक्यावरच छापलेलं होतं. मग सणच नाही, बारसं, लग्न, माणूस गेल्यावर महिन्याने होणाऱ्या मिस्साचं जेवण, सगळीकडे तेच कप.

आता मातीत मिसळणारी वस्तू आमच्या लोकांनी काय करायची? आमच्याकडे वाडीत चर खणतात, त्यात माशांची डोकी, आतडी, सडलेली सुकट टाकतात आणि वर माती ओढतात. एका पावसाळ्यात त्याचं काळं खत होतं. आमच्या वांग्यांचं रहस्य म्हणाल तर एवढंच. मॉलीने चर खणले, डोक्यांचा एक थर दिला, कपांचा एक थर दिला, पुन्हा डोक्यांचा थर. अख्ख्या वाडीत. मनापासून, घाम गाळून, मी परत आल्यावर खूश व्हावं म्हणून.

मी आलो, फावडं मारलं, आणि खण्णकन नाही पण कडकन आवाज आला. कप. दुसरीकडे मारलं, कप. माशांची डोकी कधीच माती होऊन गेली होती आणि कप मात्र कालच कोणी सरबत पिऊन ठेवल्यासारखे चकचकीत. पाणी घातलं तर मुरेना, वर तळं साचायला लागलं. वांग्याची रोपं लावली ती पिवळी पडून बसली, कारण मूळ खाली गेलं की कपात जाऊन अडकायचं.

माझं डोकं फिरलं. भर दुपारी क्रुसासमोर उभा राहून मी बहिणीला ओरडलो, "तू माजी वाडी मारून टाकलीस!" गावाने ऐकलं. मॉली एरवी बाजारात कोणाचं ऐकून घेत नाही, पण त्या दिवशी तिने सगळं ऐकून घेतलं. घरी गेली आणि त्यानंतर तिने वाडीत पाय ठेवला नाही. मीही बोलावलं नाही.

त्याच सुमारास नवघरचे महिपतशेठ आले. त्यांनी आमच्या रस्त्याला लग्नाचं लॉन काढलंय आणि त्यांना गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. मला म्हणाले, "अल्फान्सो अंकल, जमीन तुमचीच राहणार, मी फक्त पेव्हर ब्लॉक टाकतोय. तसंही तिथं काय उगवतंय आता?" हे शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. मी हो म्हणून टाकलं. ईस्टर झाला की ब्लॉक पडणार होते. एकदा ब्लॉक पडले की माझ्या हयातीत ते कोणी उचलणार नाही, हे मला माहीत होतं. रात्री जेवण जात नव्हतं, पण मी शब्द देऊन बसलो होतो आणि माझा राग मला मागे फिरू देत नव्हता.

तेव्हा नादिया आली. नादिया मॉलीची मुलगी, माझी भाची. रसायनशास्त्रात डॉक्टर झालीये. आमच्या गावात डॉक्टर म्हटल्यावर लोक तिला गुडघेदुखीच्या गोळ्या विचारतात. तिने आणि तिच्या मैत्रिणीने गोडदेवच्या बाजूला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा घेऊन लॅब थाटली आहे.

"मामा," ती ओट्यावर बसत म्हणाली, "मला तुमच्या वाडीतले कप हवेत. एक गोणी भरून."

"अख्खी वाडी घेऊन जा," मी म्हटलं. "आईने पाठवलं काय?"

"मम्मीला माहीतच नाही मी इथे आलेय. ऐका ना. ते कप खोटे नाहीत. त्यांना मिसळायला भट्टीसारखी गरमी लागते, खताच्या मोठ्या प्लांटमध्ये असते तशी. आपली माती तेवढी कधीच तापत नाही. हे कुणी मम्मीला सांगितलं नाही. पण मी त्या कपांचं दुसरं काहीतरी करतेय."

"काय करतेस?"

"सांगून पटणार नाही तुम्हाला. गोणी घेऊन या, दाखवते."

माझा स्वभाव असा की सांगून पटणार नाही म्हटलं की मला गप्प बसवत नाही. मी गोणी भरली. बसमध्ये कंडक्टरने नाक मुरडलं, कारण कपांना माशांच्या खताचा वास होता. मी त्याला सांगितलं की हा वास आहे म्हणून तुझ्या ताटात भाजी आहे. पुढे रिक्षावाल्याला तेच हिंदीत सांगितलं.

गाळ्यात शिरल्यावर मी आधी थबकलो. अशाच गाळ्यात माझं आयुष्य गेलं होतं, फक्त तिथे घासाई-पॉलिशची काळी धूळ असायची आणि इथे काचेची नळकांडी होती. टेबलावर स्टीलचं एक जाडजूड भांडं होतं, थर्मासएवढं, वर सहा बोल्ट आणि दाबाचा काटा. ते मात्र माझ्या ओळखीचं होतं. मी बोल्टवर हात फिरवला आणि नादियाला म्हटलं, काम चांगलं केलंय कोणी.

तिने मला सोप्या भाषेत सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगतो. मक्याच्या साखरेपासून एक आम्ल बनतं, दह्यात असतं तेच. त्या आम्लाचे मणी एकापुढे एक ओवून लांबच लांब माळ केली की ते झालं कपाचं प्लास्टिक. नादियाला ती माळ तोडायची होती, आणि तेवढ्यावर न थांबता प्रत्येक मण्यातला एक तुकडा काढून तिथे दुसरा बसवायचा होता. तो दुसरा तुकडा अमोनियातून येणार होता. अमोनियाचा वास मला कोणी शिकवायला नको. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गळती झाली की आम्ही पोरं नाक दाबून पळायचो.

"आणि हे कशाला?" मी एका बाटलीकडे बोट दाखवलं. तळाला चिमूटभर काळी भुकटी होती.

"हा उत्प्रेरक. हा नसेल तर मणी बदलतच नाहीत. हा दोघांना जवळ आणतो, अदलाबदल घडवतो, आणि स्वतः जसाच्या तसा बाहेर येतो."

"म्हणजे लग्न जमवणारी बाई," मी म्हटलं. "जमवून दिलं की पुढच्या घरी."

नादिया हसली. म्हणाली, कॉलेजात असं कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

पण त्या खेपेला लग्न जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, आवाज पडलेला. भांडं उघडलं तर आत तपकिरी चिखल. "मामा, तुमच्या खतात माशांचं गंधक आहे. कपांना चिकटून आलं. उत्प्रेरकाला गंधक म्हणजे विष. मेला तो." नवे कप तिच्या भांड्यात दहा वेळा नीट बदलले होते, फक्त आमच्या वाडीतले हरले. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मनात आलं, बघा, मी म्हणत नव्हतो? आणि मी महिपतशेठना फोन लावून विचारलं की ब्लॉक कधी येतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेलो तर मॉलीच्या अंगणातून खरखर आवाज येत होता. कुंपणावरून पाहिलं. मॉली पाटावर बसली होती, पुढे सोड्याच्या पाण्याने भरलेला टब, आणि ती ब्रशने एकेक कप घासत होती. माझ्या गोणीतले उरलेले कप नादियाने घरी आणले असणार. मॉली कप घासायची, नाकाशी न्यायची, पुन्हा पाण्यात बुडवायची. धुतलेले कप तिने मासे सुकवायच्या बांबूवर ओळीने पालथे घातले होते. त्यांच्यातून सकाळचं ऊन आरपार जात होतं. तिने मला पाहिलं नाही. तिची बोटं सोड्याने सोलवटली होती. मी पाणी न काढताच परतलो.

दुपारी नादियाला मीच फोन केला. म्हटलं, या वेळी भांडं लावशील तेव्हा मी समोर असणार.

मॉलीने धुतलेल्या कपांचे तुकडे भांड्यात गेले, अमोनियाचं पाणी गेलं, काळ्या भुकटीची चिमूट गेली. बोल्ट मी आवळले, तेवढा मान तिने मला दिला. मग भांडं तापत ठेवलं. ते काम दिवसभराचं. मी मीरा रोडच्या पूनम सागर वस्तीत एका जुन्या सोबत्याकडे जाऊन आलो, त्याच्या गप्पांत माझं लक्ष नव्हतं. सांजेला परतलो तेव्हा भांडं थंड झालं होतं.

नादियाने झाकण काढलं. मी आत वाकून पाहिलं. कप नव्हते. तुकडा नाही, चुरा नाही, तेलकट तवंग नाही. ज्यांच्यावर माझं फावडं तुटायला आलं होतं, ज्यांना अख्खा पावसाळा आणि माशांच्या डोक्यांचा सगळा जोर काही करू शकला नव्हता, ते तिथे नव्हतेच. फक्त पाणी होतं आणि तळाला काळी भुकटी. तिने ते कागदातून गाळलं. भुकटी कागदावर राहिली, आणि ती तेवढीच होती, चिमूटभर. मी त्या भुकटीकडे किती वेळ बघत राहिलो मला कळलं नाही. एवढीशी चिमूट, तिने एवढं काम केलं आणि तिला जणू काही झालंच नाही.

"थांबा, खरं पुढे आहे," नादिया म्हणाली. तिने पाणी आटवलं, अमोनियाचा वास गेला, आणि उरलेल्या स्वच्छ पाण्यात काचेच्या नळीने हळूहळू स्पिरिट सोडलं. "आता डोळे मिटू नका, मामा."

आधी काहीच झालं नाही. मग पाण्यात धूर पसरल्यासारखं झालं. मग एक बारीक चमक दिसली, सुईच्या टोकाएवढी. तिच्याशेजारी दुसरी. आणि मग एकदम, कोणी हाक मारल्यासारखे, शेकडो पांढरे स्फटिक त्या पाण्यातून जन्माला येऊन खाली बसायला लागले. आवाज नाही, काही नाही. नुसते येतच राहिले.  मी आयुष्यभर चर्चमध्ये गुडघे टेकून ऐकत आलो की भाकरीचं ख्रिस्ताचं शरीर होतं, एक वस्तू दुसरी होऊ शकते. मी ते मानत होतोच. पण डोळ्यांदेखत असं काही कधी पाहिलं नव्हतं. माझा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि मी क्रुसाची खूण केली. नादियानेही केली.

"काय हाय हे?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"याला अ‍ॅलनिन म्हणतात. प्रथिनं ज्या विटांनी बनतात ना, त्यातली एक वीट. औषधांत लागते, जनावरांच्या खाद्यात लागते. आपण जेवतो त्यात असते. तुमच्या हातात आहे आत्ता, हाताच्या मांसात." मग ती जरा थांबली. "आणि मामा, ताज्या कोळंबीला जी गोडी असते, त्यात हिचा मोठा वाटा असतो."

मी खाली बसलो. उत्तनच्या माणसाला ताज्या कोळंबीची गोडी म्हणजे काय हे समजावून सांगायला लागत नाही. होडी लागल्या लागल्या आमची आई पहिली मूठभर कोळंबी नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडायची, आणि आम्ही भावंडं चुलीभोवती बसायचो, मी आणि मॉली. ती गोडी आता या काचेत होती, आणि ती आली होती माझ्या बहिणीने गाडलेल्या कपांतून. मी बोट पुढे केलं. नादियाने सटकन हातावर मारलं.

"लॅबमधलं काही तोंडात घालायचं नाही! मामा असाल नाहीतर पोप असाल."

मी हात मागे घेतला. चिडलो नाही, याचं तिलाच नवल वाटलं असावं.

मग ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली, गंभीर होऊन. "एक सांगू? माझ्या भरवशावर वाडी ठेवू नका. मी एका खेपेला मूठभर कपच करू शकते. प्रत्येक कप धुवायला लागतो, उत्प्रेरकातला धातू सोन्यासारखा महाग आहे, सगळे मणी बदलतही नाहीत, काही अर्धवट राहतात. मोठा कारखाना निघेल की नाही, कधी निघेल, मी सांगू शकत नाही. तुमची वाडी साफ करणं या भांड्याला जमणार नाही."

"मी विचारलं काय तुला?" मी म्हटलं.

"नाही, पण महिपतशेठचे ब्लॉक..."

"ते माजं मी बघतो."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो. रस्त्याच्या कडेला रसाच्या गाडीभोवती कप पडलेले, नाल्याच्या तोंडाशी कप, लॉनच्या भिंतीला वाऱ्याने लागलेले कप. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं, पाहिलं असलं तर शिवी घालायला. त्यात मिसळणारे कुठले आणि साधं प्लास्टिक कुठलं, हेही मला कळत नव्हतं. पण आता प्रत्येकाकडे मान वळवून बघत होतो. कशात काय दडलेलं असेल, कोणी सांगावं? मी आजवर कचरा म्हणून जे जे फेकलं त्यातलं मला काय ठाऊक होतं?

ईस्टरनंतरच्या सोमवारी महिपतशेठचा टेम्पो ब्लॉक घेऊन दारात उभा राहिला. शेठ स्वतः पुढे बसले होते. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो आणि सांगितलं, टेम्पो वळवा.

"अंकल, तुम्ही शब्द दिलाय," ते म्हणाले.

"दिला व्हता. मागं घेतो. लोकांना सांगा, अल्फान्सो शब्दाला जागला न्हाय. मी न्हाय म्हणणार न्हाय."

"पण का? झालं काय?"

"जमिनीत माल हाय."

शेठचे डोळे बारीक झाले. ते खाली उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "काय लागलंय, अंकल? तेल?"

"कप," मी म्हटलं.

ते पुन्हा टेम्पोत जाऊन बसले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "चल. म्हाताऱ्याला ऊन लागलंय." टेम्पो वळला. माझं नाक कापलं गेलं होतं, आणि मला कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं.

मग मी मॉलीच्या दारात गेलो. ती बाजाराला निघाली होती, टोपली डोक्यावर. मला पाहून ती जागीच थांबली.

"मासळी ऱ्हाऊ दे आज," मी म्हटलं. "टोपली रिकामी कर आणि वाडीत ये."

"ब्लॉक आयलं ना? मी बगितलं टेम्पो."

"गेला टेम्पो."

तिने टोपली खाली उतरवली. "राग गेला तुजा, दादूस?"

"न्हाय गेला. राग हाय. पण ये."

ती आली. कुंपणापाशी थबकली, मग आत आली. आम्ही विहिरीच्या बाजूने खणायला सुरुवात केली. हातभर खणलं की थर लागत होता, त्याखाली दुसरा. मॉलीने वाडीवरून नजर फिरवली, थेट क्रुसापर्यंत.

"एवढं आपल्या हयातीत निघंल काय?"

"न्हाय निघणार."

"मंग?"

"मंग काय? निघंल तेवढं काढायचं. पोरीकडं द्यायचं."

फावड्याला एक कप लागला. मी तो उपटला आणि सवयीने कुंपणापलीकडे भिरकावायला हात उचलला. हात तसाच वर राहिला. मला तो फेकवेना. मॉलीने तो माझ्या बोटांतून सोडवून घेतला, पदराने त्याची माती पुसली आणि टोपलीत अलगद ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

"मना वाटलं, वाडी मेली," ती म्हणाली. "माज्या हातानं मेली."

माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं. त्या काचेतल्या पाण्याचं, आईच्या चुलीचं, तिच्या सोलवटलेल्या बोटांचं. मी पुन्हा फावडं उचललं.

"मेली न्हाय," मी म्हटलं. "खण."